आत्या, तुमचा ओटा होऊ दिला नाही

प्रिय आत्या,

तुम्ही असता तर म्हणाला असता, मेलेल्या माणसाला पत्र लिहितीस व्हय? आन् वाचणार कोण? बरोबर आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, पेपरसुद्धा मीच वाचून दाखवायचे. तरी लिहितेय, कारण तुम्ही माझ्याकडून घेतलेलं वचन मी गेल्या महिन्यात मोडलं. का मोडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

तुमचं वर्षश्राद्ध झालं. तुमच्या पुतण्यानं, अंकुशभावजींनी, ते गावाकडंच करायला लावलं. आम्ही दोघं पैठणहून पुढं एसटीनं गेलो. जेवणं उरकल्यावर भावजी म्हणाले, काकूच्या अंगात देवी यायची, ती साधी बाई नव्हती. ज्या लिंबाखाली ती बसायची तिथं तिच्या नावाचा ओटा बांधू, ठाणं मांडू, दर मंगळवारी दिवा लावू. विटा त्यांनी आधीच आणून टाकल्या होत्या. ह्यांनाही ते पटत होतं. आईचं नाव राहील, म्हणाले.

तुमचा आणि ओटा! बजाजनगरच्या घरात इतकी वर्षं काढलीत, एक उदबत्ती लावली नाहीत. मी देव्हारा मांडला तेव्हा अडवलं मात्र नाहीत. गल्लीतल्या बायका सत्संगाला बोलवायला आल्या की तुम्ही शांतपणे विचारायचा, महाराज सांगतेत ते त्यांना कुणी सांगितलं? पोथीत आहे म्हटलं, तर पोथी कुणी लिहिली? त्या परत येत नसत. मला तुमचा राग यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा एकदा मी तोंडावरच म्हणाले की लोक तुम्हाला नास्तिक म्हणतात. तुम्ही शेंगा फोडत होतात. हात न थांबवता म्हणालात, "देव नाय असं मी कधी म्हणलं? मला म्हाईत नाय, एवढंच म्हणते."

मला तो नुसता हट्टीपणा वाटायचा. खरं कारण तुम्ही अगदी शेवटी सांगितलंत. दवाखान्यातून घरी आणलं होतं, हे कामावर गेले होते, आणि मी तुम्हाला पेज भरवत होते.

पहिल्या वेळी काय झालं ते तुम्हालाच कळलं नव्हतं. लिंबाखाली उपाशीपोटी चक्कर आली, अंग थरथरलं, काहीबाही बोललात. शुद्धीवर आलात तर सासू तुमच्या पायाशी हात जोडून बसलेली. मेंढरांमागं फिरून आल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेला त्या दिवशी घरातली पहिली भाकरी वाढली गेली. पुढच्या मंगळवारी लोक जमले. चक्कर काही आली नाही. मग तुम्ही ती आणलीत. वय वीस-बावीसचं. सहा वर्षं तुम्ही घुमत राहिलात. कुणाचं मेंढरू हरवलं, कुणाला मूल होईना, तुम्ही सांगत गेलात आणि लोक मानत गेले.

मग एक दिवस शेजारची चंद्रभागा आली. खांद्यावर दोन वर्षांची लेक, तापानं फणफणलेली. पैठणच्या दवाखान्यात नेऊ का, तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, नेऊ नको, पाच मंगळवार कर. दुसरा मंगळवार यायच्या आत पोरगी गेली.

त्यानंतर तुम्ही लिंबाखाली बसला नाहीत. मामंजींना मेंढरं विकायला लावलीत, वाळूजला आलात, बांधकामावर पाट्या वाहिल्यात. देवी रुसून गेली, असं गावानं धरलं.

"सुनंदा, देव हाय का नाय, मला म्हाईत नाय," तुम्ही मला म्हणालात. "पण माझ्या तोंडून त्यो बोलत नव्हता, हे पक्कं म्हाईत हाय. मग दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलतो, हे मी कसं मानू?"

आणि लगेच माझा हात धरून वचन घेतलंत. कुणाला सांगायचं नाही, चंद्रभागेला तर नाहीच. आपली लेक देवीनं नेली, असं तिला वाटतंय. तेवढा आधार तिचा काढून घेऊ नको.

मी पाळलंही असतं. पण मी मेडिकलवर काम करते, आत्या. पोराच्या कपाळाला अंगारा लावून चौथ्या दिवशी तापाचं औषध मागायला येणाऱ्या आया मला रोज दिसतात. उद्या तुमच्या ओट्यासमोर अशीच कुणी आई पोर घेऊन बसली, तर? मग मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. चंद्रभागाबाई बायकांमध्ये दाराशीच बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

अंकुशभावजी चिडले. मेलेल्या बाईवर आळ घेताय का, म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. मग चंद्रभागाबाईच बोलल्या.

"ती खरं सांगतीय. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तुम्ही घुमत असताना पायावर मुंगळा चढला होता म्हणे. तुम्ही डोळे उघडून तो झटकलात आणि परत डोळे मिटलेत. देवीला मुंगळा चावतो व्हय, असं त्यांच्या मनात आलं. तरी पोरीला घेऊन त्या घरीच गेल्या. नवरा दवाखान्याला नको म्हणत होता, रस्ता चिखलाचा होता, आणि त्यांची एकटीनं जायची छाती होत नव्हती.

"कुणीतरी नको म्हणावं म्हणूनच मी तिच्याकडं गेले होते," त्या म्हणाल्या. "तिनं म्हणलं, मी ऐकलं. आम्ही दोघींनी केलं ते."

म्हणजे जो आधार मोडू नये म्हणून तुम्ही चाळीस वर्षं गावात पाय ठेवला नाहीत, तो त्यांच्याकडं कधी नव्हताच. त्याही गप्प राहिल्या, कारण बोललं तर सगळा दोष तुमच्यावर येईल. परतीच्या एसटीत मला तुमचा फार राग आला. सगळ्यांना कशावरून, कशावरून विचारत राहिलात. चंद्रभागेला असंच वाटतंय कशावरून, हे स्वतःला का नाही विचारलंत? एकदा जाऊन तिच्यापाशी बसायचं होतंत ना, आत्या?

ओटा काही झाला नाही. विटा गोठ्याला लागल्या, असं कळलं. अंकुशभावजी आमच्याशी बोलत नाहीत, बोलतील कधीतरी. परतल्यावर तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, आईनं हे मला का नाही सांगितलं? ती पोरगी आणि हे बरोबरीचे होते, ह्यांच्याकडं बघितलं की तुम्हाला तीच दिसत असणार, हे मला नंतर सुचलं.

मी देव्हाऱ्यात अजून दिवा लावते, तुमच्यापासून काय लपवायचं? मागणं मात्र बदललंय. आता काही मागून झालं की मनात येतं, उत्तर आलंय असं वाटतंय ते तिकडून आलं, की माझंच मला ऐकू आलं? मला माहीत नाही. हे म्हणायला पूर्वी भीती वाटायची, आता वाटत नाही.

दिवाळीनंतर चंद्रभागाबाईंना चार दिवस इकडं आणणार आहे. यायला तयार आहेत.

त्या पोरीचं नाव तुम्ही शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाहीत. 'ती पोरगी', एवढंच. निघताना मी चंद्रभागाबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, मंदा. चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाल्या. ते नाव मी विसरणार नाही आणि ती कशानं गेली हेही कुणापासून झाकणार नाही. तुमचं एक वचन मोडलं. हे दुसरं मी आपणहून देतेय, ते पाळीन.

तुमची सून,
सुनंदा
बजाजनगर