घुबडं आणि बॅरिस्टरची मोटार

११ ऑगस्ट १९५३, कलकत्ता

आज पुन्हा एक. पांढऱ्या तोंडाचं घुबड, आमच्या फाटकासमोर रस्त्यात, एक पंख चिरडलेला. आषाढापासून हे तिसरं. कॉर्पोरेशनचा माणूस पहाटे नळी लावून रस्ता धुतो. त्याने पाण्याच्या धारेने ते गटारापर्यंत ढकललं. झालं क्रियाकर्म.

सूनबाई म्हणाली, "सकाळी सकाळी घुबड काय बघता, तोंड धुवा." म्हटलं, सुनीती, मेलेलं घुबड कुणाचं काय वाकडं करणार? जिवंत होतं तेव्हा जिन्यातले उंदीर खात होतं. आता तू खाणार आहेस का?

गुरुदत्त पेपरातून मान न काढता म्हणाला, "आई, इथे मोटारीखाली माणसं मरतात." मरतात ना. म्हणून पाखरंही मारायची?

मारणारा ठाऊक आहे मला. समोरच्या बॅरिस्टरचा ड्रायव्हर, हरिपद. साहेबाला क्लबातून आणताना वळणावर असा येतो, जशी पाठीमागे वाघीण लागलीय.

१३ ऑगस्ट

हरिपद मोटार पुसत होता. गाठलाच. म्हणाला, "ठाकुमा, आमि मारिनि." आजी, मी नाही मारलं म्हणे. घुबड लक्ष्मीचं वाहन, मी कशाला मारीन? तेच खाली येऊन गाडीपुढे पडतं.

तेच पडतं! तुझ्या मोटारीवर जीव जडलाय त्याचा! म्हटलं, अशानं तुझी लक्ष्मी पायी जायची एक दिवस. हसला मेला. फाळणीत घरदार सोडून आलेला माणूस, बायको आणि दोन मुली गॅरेजवरच्या खोलीत. गरीब आहे म्हणून काय वाटेल तसं चाक फिरवायचं?

१४ ऑगस्ट

जोंधळा संपत आला. सोलापूरला दादाला पत्र टाकायचं. चातुर्मासाचा नेम आहे — ह्यांच्या नावाने पाखरांना रोज मूठभर दाणे. गच्चीत घरमालक टाकू देत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या बदामाखाली टाकते. सकाळी टाकले तर तो नळीवाला धुऊन नेतो, म्हणून दिवेलागणीला. सरला विचारते, "आजी, तेव्हा पाखरं झोपते ना?" हिचं मराठी म्हणजे मुरमुऱ्यात खडे. नात असून आजीला शिकवते. म्हटलं, उठल्यावर खातील.

२२ ऑगस्ट

चौथं. हे तर पिल्लू. अंगावर अजून लव.

आता गप्प बसणार नाही.

२४ ऑगस्ट

बॅरिस्टरकडे जाऊन आले. सरलाला दुभाषी म्हणून नेलं. अर्धंच सांगत होती कार्टी, मी कोपराने ढोसलं तेव्हा सगळं बोलली. मालकीणबाई घाबरल्या. लक्ष्मीचं वाहन आपल्याच गाडीखाली! बॅरिस्टर म्हणाला, मागच्या महिन्यात ह्यानेच पुढचा दिवा फोडला, ह्याचं लक्षच नसतं. लगेच किल्ली काढून घेतली. महिनाअखेरीस खोलीही सोडायची.

सुनीती म्हणाली, "झालं समाधान?"

झालं.

२५ ऑगस्ट

हरिपदच्या मुली पायरीवर बसल्या होत्या. मी बाहेर आले तशा आत गेल्या.

२९ ऑगस्ट

पाचवं.

बॅरिस्टरची मोटार पाच दिवस गॅरेजात, कुलुपात. तरी पाचवं, त्याच बदामासमोर. हरिपदनेच उचलून आमच्या फाटकापाशी वर्तमानपत्रावर ठेवलं. भांडला नाही. नुसतं म्हणाला, "ठाकुमा, पाय बघा." पायात उंदीर, नख्या रुतलेल्या, सोडवेना.

सरला कॉलेजात शास्त्र शिकते. उकिडवी बसून पाहिलं तिने. म्हणाली, "आजी, तो उंदीर बघतो, मोटार नाही बघतो. खाली-खाली उडतो, मोटारीच्या तोंडाएवढा. वरून दिव्याचा उजेड डोळ्यात." मग कुठलीही मोटार चालते — टॅक्सी, लॉरी, कुणाचीही. हरिपदने खरं सांगितलं होतं म्हणायचं.

पण मला पटेना. उंदीर काय सगळ्या कलकत्त्यात आहेत. सियालदहच्या बाजारात तर मांजराएवढे. मरायला घुबडांना आमचाच बदाम बरा सापडला?

सरला बदामाच्या बुंध्याकडे बघत राहिली. काय गं, म्हटलं. "काही नाही," म्हणाली. तिचं काही नाही म्हणजे काहीतरी असतं.

३० ऑगस्ट

दुपारी मीच उलथनं घेऊन खाली गेले. बुंध्यापाशी चार बिळं. एक उकरलं. आत पसाभर जोंधळा निघाला. सोलापूरचा, पांढरा, टपोरा.

हा सगळा रस्ता भात खातो. जोंधळ्याचं घर एकच.

म्हणजे पाखरं निजल्यावर उंदरांना मी जेवू घातलं, उंदरांमागे घुबडं आली, आणि शिव्या खाल्ल्या हरिपदने. ह्यांच्या नावाने पुण्य! ह्यांनी जन्मात मुंगी मारली नाही.

दिवे लागले. दाणे टाकले नाहीत. नेम मोडला.

हरिपद उद्या सकाळी खोली सोडतो. नऊवारी बदलली आहे, बॅरिस्टरकडे निघते. सरला येते म्हणाली, नको म्हटलं. घुबडं कुणी मारली असं विचारतील. "आमि." एवढं बंगाली मला येतं.