काळनाग आणि पोळ्यायचा डबा

रविवार, ११ जानेवारी, रात्री १०
आजपासून टेबलावर मोबाईल बंद म्हणजे बंद. पोळ्यायचा स्टीलचा डबा रिकामा करून घेतला. खेळाले बसण्याआधी सगळ्यायनं फोन त्यात टाकायचे.

सहा वर्षं झाले, दर रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर हा खेळ चालते. मी सूत्रधार. मी गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र बनून बोलतात, पासे टाकतात. आज गोष्टीतल्या दुष्ट काळनागाच्या गुहेच्या तोंडाशी आलो. मी आवाज खोल केला. पाहतो तर बाजूच्या गल्लीतली आचल ॲपमध्ये पासे टाकून राहिली! खरे पासे समोर पडले होते. म्हणे, दादा, ते सोफ्याखाली जातात. चंदाची तलवार, ढाल, सारं फोनमध्ये. बायको आहे म्हणून जास्त बोललो नाही. तरी रात्रीची भाजी खारट.

बुधवार, १४ जानेवारी
धर्मपालची बदली झाली अकोल्याले. पाचवीपासूनचा दोस्त. म्हणे, काहून टेन्शन घेतं बे, मी व्हिडिओ कॉलवर खेळीन. मी साफ नाही म्हटलं. टेबलाची काही इज्जत असते. उद्या आचलही घरूनच खेळीन म्हणन. मंग चंदा किचनमधून. मंग मी गोष्ट कोणाले सांगू, फ्रिजले?

भल्लं वाईट वाटून राहिलं. पण नियम माहाच आहे.

रविवार, १८ जानेवारी
धर्मपाल नाही. खेळ झाला नाही. साडेतीनले आचल डब्यातून फोन काढून घरी गेली. धर्मपाल तुटला तर टेबल तुटलं.

सोमवार, १९ जानेवारी, सकाळी ६
आयडिया! काळनागाचा शेवट जंगलातल्या सेमाडोहले करायचा. तिथं आमच्या कोणाच्याच सिमले रेंज नाही. चौघं, चटई, पासे, अख्खा दिवस. धर्मपाल एका शब्दात तयार. अकोल्याहून परतवाड्याले बसनं, तिथून सगळे मिळून जीपनं.

शेवट लिहायले घेतला. फोनवरच लिहून राहिलो, माहं अक्षर मलेच लागत नाही. पण याले वापर म्हणत नाहीत. हे काम आहे.

शनिवार, ३१ जानेवारी
चाळीस पानं! सगळं ऑनलाइन सेव्ह. फोन हरवला तरी गोष्टीले धक्का नाही. एवढा विचार कोणी करते काय?

रविवार, १ फेब्रुवारी, सेमाडोह, दुपारी १
जागा एक नंबर. फोन डब्यात. मी घसा साफ केला, काळनाग फुत्कारला. मंग कामापुरता माहा फोन काढला. गोष्ट उघडेना. नुसतं गोल फिरून राहिलं.

दहा मिनिटं मनानं सांगितली. चंदा म्हणे, अहो, हा राजा तर तुमी दोन वर्षांआधीच मारला. आचल हसली. धर्मपाल हसला नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणे, अबे गजू, मी पहाटे साडेचारच्या बसनं आलो.

टॉवर लावत नाहीत लेकाचे. माही काय चूक?

त्याच दिवशी, परतवाडा–अमरावती बसमध्ये
परतवाड्याले रेंज आली. सगळ्यायचे फोन परत दिले. माहा पुन्हा डब्यात टाकला. उद्यापर्यंत झाकण उघडणार नाही. निषेध.

धर्मपाल अकोल्याच्या बसमध्ये चढला. पुढच्या महिन्यात जमवू म्हटलं. काचेआडून ऐकू गेलं नसन.

आचल मागच्या सीटवर हेडफोन घालून बसली. चंदा बाजूले बहिणीशी बोलून राहिली वाटते. म्हणे, आत अंधार आहे, सांभाळून. तिकडं लाईट गेली असन. मंग म्हणे, मार त्याले! भाचा आहेच तसा मस्तीखोर. डबा मांडीवर सारखा थरथरते. चंदानं दोनदा म्हटलं, अहो, डबा. मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

वलगावपाशी दोघीही एकदम ओरडल्या. क्रिकेट असन.

सोमवार, २ फेब्रुवारी, सकाळी ९
चंदाले पोळ्या ठेवायच्या होत्या म्हणून डबा उघडला. सतरा मिस्ड कॉल.

काळनाग मेला. काल, बसमध्ये, ग्रुप कॉलवर. सूत्रधार चंदा. शेवटचा पासा धर्मपालनं टाकला, तेव्हा त्याची बस अंजनगावच्या स्टँडवर उभी होती. सहा वर्षं मी पोसलेला नाग!

धर्मपालचे मेसेज ओळीनं पडले होते. गजू, जॉइन हो. गजू, नागाचा आवाज कोण काढन? शेवटचा: अबे फोन उचल, तुह्याबिगर माराले मन नाही होऊन राहिलं.

डबा माह्याच मांडीवर होता.

रविवारपासून नवीन खेळ, फोनवर. सूत्रधार चंदाच. म्हणे, पात्र एकच उरलं, सामान वाहणारं खेचर. ते बोलत नाही. मी पूर्ण विचार करून प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली.

धर्मपालले मेसेज टाकला, खेचर येऊन राहिलं म्हणून. पाच वेळा पाहिलं. अजून निळी टिक नाही.