तुरेवालीची शीळ

सोमवार
आले एकदाची ओंडुआच्या गावाला! लग्नानंतर पहिल्यांदाच. घर मातीचं, पण नवं. मागं कोकोची झाडं, त्यांच्या मागं जंगल. तान्ही आबेंग दूध पिऊन लगेच झोपली. सासूबाईंनी केळी उकडली, शेंगदाण्याचा रस्सा केला. म्हणाल्या, "शहरातली पोर, नुसती काडी! खा गं." मग एक गोष्ट बजावली. शेंदरी तुऱ्याचा पक्षी, इथं तुरेवाली म्हणतात, तो दाराशी शीळ घालायला लागला की लेकरू उचलायचं आणि बाहेर पळायचं. त्याच्यासोबत मुंग्यांची फौज येते. घरातले उंदीर, झुरळं सगळं फस्त करते. निजलेलं लेकरू पण सोडत नाही.

बुधवार
ओंडुआनं आबेंगला खेळायला तुरेवालीची दोन पिल्लं आणली. सासूबाई भडकल्या, "जिथून आणलीस तिथं ठेवून ये, मेल्या!" तो नुसता हसला. टोपलीत ठेवली.

गुरुवार
पिल्लं मेली. त्यांची आई कुंपणावर बसलीय. ओरडत नाही. बघत बसलीय.

शुक्रवार
शीळ आली. आबेंगला पाठीला बांधून पळालो. मुंगी एक नाही. दुपारी परत तेच. शेजारीण म्हणाली, "ओंडुआचं बिऱ्हाड आता अंगणातच का?"

रविवार
दिवसभर शीळ. पावसात पळतोय, परत येतोय. सासूबाई म्हणतात, पिल्लांचा राग आहे तो. दमवतेय आपल्याला.

मंगळवार
आबेंगला ताप. सासूबाई औषधाची साल आणायला भावाकडे गेल्या. ओंडुआ म्हणाला, आता लेकरू पावसात नेलंस तर बघ.

बुधवार
बागेत जाताना ओंडुआनं बाहेरून कडी घातली. मी पळू नये म्हणून.
आज शीळ नाही. बरं वाटलं.

छपरातले उंदीर धावत बाहेर गेले. सगळे. झुरळं पण —

मागची भिंत काळी झालीय. हलतेय.

खिडकीला गज. ओरडले. शेजारीण तिथूनच हसली, "आज शीळ तरी कुठंय? झोप गं!"

कडी निघत नाही. आबेंगला एका हातानं डोक्यावर धरलंय. पाय —

तुरेवाली खिडकीत आलीय. रिकाम्या टोपलीकडे बघते, मग आबेंगकडे. चोच मिटलेली.

घाल गं शीळ. एकदाच. लोक येतील. तू पण आई आहेस ना, घाल ना गं, एकदाच —