जानव्याला बांधलेला ठिपका

चेन्नई, ९ ऑगस्ट २००९

प्रिय शरदचंद्र,

सप्रेम नमस्कार. तुझ्या गुडघ्याची आणि वहिनींच्या दम्याची एकदमच विचारपूस करतो. इकडे मी खुशाल असून नुकताच बुडालो होतो. (घाबरू नकोस, अक्षर माझंच आहे.)

त्याचं असं झालं. फॅक्टरी सुटून बारा वर्षं झाली, तरी दर गुरुवारी मी लोकलने आवडीला, त्या फॅक्टरीच्या गावी, जातो, जुन्या क्वार्टरसमोरच्या करंजाखाली बसतो आणि पाचवीतल्या कविता म्हणतो. आमची ही, शैला (जाऊन सहा वर्षं झाली), तिथेच भाजी निवडत बसायची; माझी चाल चुकली की मान वर न करता सुधारायची. मागच्या महिन्यात परतायला उशीर झाला आणि आमच्या हेरंबने फर्मान काढलं, "बाबा, ठावठिकाणा कळवणारं यंत्र बाळगा, नाहीतर आवडी बंद!"

निवडीवरून घरात दोन पक्ष पडले. हेरंबला साबणाच्या वडीएवढं, तीन दिवस चार्ज टिकणारं हवं होतं. (ते पट्ट्याला लावून पाहिलं, तर पँटच निघाली खाली.) सूनबाई सहानाचं काडेपेटीएवढं, रोज चार्ज करायचं, पण आत सिमकार्ड, आणि तिला ऑफिसात बसून इंटरनेटच्या नकाशावर सासरा ठिपक्याच्या रूपात चालताना दिसणार. मी काडेपेटीला मत दिलं आणि आपले वडील कपाटाची किल्ली बांधायचे तशी ती जानव्याला बांधली.

पुढे श्रावणी आली. तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर गुरुजींनी नवं जानवं घातलं, आणि शाळेतली समुद्रावरची कविता पुटपुटत मी जुनं लाटेत सोडलं. यंत्रासकट! तिकडे सहानाच्या पडद्यावर सासरा समुद्रात शिरला आणि दिसेनासा झाला. मी आपला वाळूत बसून सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, खात होतो. थोड्या वेळाने गर्दी दिसली, म्हणून उठून गेलो आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण बुडालं हो?"

माणूस वळला. हेरंब!

"तुम्ही!" तो ओरडला आणि माझं मनगट धरलं ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

आता नवं यंत्र येईपर्यंत आवडी बंद. पोराच्या हट्टापुढे मान तुकवली आहे.

तुझा,
राघोत्तम

ता. क. मान तुकवली वगैरे खोटं. मागच्या महिन्यात उशीर झाला ना, त्या गुरुवारी आवडीला उतरलो आणि क्वार्टरचा रस्ताच आठवेना. तासभर स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर बसून होतो. हेरंबला ठाऊक नाही. तूही बोलू नकोस.

ता. क. दुसरा. तुझी रुचा बंगळूरला अशाच यंत्रांचं काम करते ना? तिला हळूच विचार, मी कुठे आहे ते मलाच सांगणारं एखादं मिळतं का.