माळ्यावरची आरोळी

मुक्ताआत्या,
सप्रेम जयभीम.

शाळेत कराटेचा खेळ बघितला, तवापासून मी कडब्याच्या पेंढ्यांना लाथा मारत सुटले. तुम्ही म्हणायच्या, "पोरीच्या जातीला हे शोभतं का?" पण जवारीवर पाखरं उतरली की तुम्हीच मला राखणीच्या माळ्यावर चढवून, आधी स्वतः आरोळी ठोकून म्हणायच्या, "बेंबीच्या देठापासून वरड." पुढं बार्शीच्या कराटे क्लासात लाथेसंगं तशीच पहिली आरोळी दिली, तर शिकवणारे सरच दचकले.

आता परंड्यात मीच पोरींना कराटे शिकवते. लाथा झकास मारतात, पण आरोळी म्हणलं की तोंडावर हात. आरोळीबिगर परीक्षेत पास करत न्हाईत, म्हणून काल सगळ्यांना आपल्या रानात नेलं. माळ्यावर वरडणाऱ्या पोरीला कुणी नावं ठेवत न्हाय. शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठली. ईरण्णाकाका बांधावरनं म्हणले, "क्लास रोज हितंच घ्या की."

एकट्या क्षमाचा आवाज तेवढा निघत न्हाय. रविवारी परीक्षा हाय. तिला तुमची आरोळी ऐकवायची हाय.

हे वाचलं तर तुम्ही लाजून यायच्याच न्हाईत. म्हणून पत्र टाकत न्हाय. फोनवर एवढंच सांगते, शनिवारी हुरडा खायला या.

माळ्याखाली वाट बघणारी तुमची भाची,
संघप्रिया