भर समुद्रातलं गार पाणी

१९ जुलै

प्रिय ताई,

खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच सांग. पुढचं तुझ्यापुरतं.

मोजणीच्या बोटीवरचं माझं काम तुला ठाऊक आहे. किनाऱ्यालगत दोरीने थर्मामीटर सोडायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पावसाळी वारा किनाऱ्याला धरून वाहायला लागला की वरचं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिरकं सरकत आत समुद्राकडे जातं, आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. कॉलेज सोडेपर्यंत मी इतकंच शिकलो होतो.

ती, जिच्यापायी तू मला खुळा म्हणतेस, मोठ्या जहाजावर गेली होती. सोबत तिचे वरिष्ठ, ते गोडबोले साहेब. परत आल्यावर मी तिची वही चाळली. किनाऱ्यापासून चार दिवसांवर, आणि पाणी गार!

"तिथे किनारा कुठला? पाणी सरकणार कशापासून?"

"कॉलेज पुरं केलं असतंस तर विचारलं नसतंस," ती हसली.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. ही जहाजावर चढलीच नसणार. दोघं कुठेतरी मजेत राहिले आणि आकडे मनाने लिहिले. महिनाभर समुद्रावर राहून चेहरा रापला कसा नाही? आभाळ महिनाभर भरलेलं होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

ताई, इतका वेळ टाळत होतो ते आता लिहितो. मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडमना तिचे आकडे खोटे असल्याची तक्रार पाठवली. निनावी. सोमवारी चौकशी आहे, आणि तिची पुढची सफर अडकली आहे.

काल बोटीवरच्या काकांना सहज विचारलं.

"गार लागतंच की," ते म्हणाले. "भर समुद्रात वाऱ्याचा पट्टा असतो. मध्ये जोर जास्त, कडेला कमी. मधलं पाणी एका अंगाला भराभर सरकतं, त्याच्या मागच्या कडेचं रेंगाळतं. दोन्हींच्या मध्ये जागा होते ती खालचं पाणी भरतं. शिकवलं नाही तुला?"

"तो धडा यायच्या आत मी बाहेर पडलो, काका."

खरं सांगू, साहेबांबद्दलची शंका अजून जात नाही. पण ती माझी मी सांभाळीन. तिची वही खरी आहे.

सोमवारी मॅडमसमोर उभा राहून सांगणार आहे की तक्रार माझी होती. ती तिथेच बसलेली असेल. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही.

त्या तक्रारीखाली नाव घातलं नव्हतं.

तुझाच,
खोटं पकडल्यावर तू ज्याला पूर्ण नावाने हाक मारायचीस, तो