टपावर दोनदा थोपटलं की निघायचं

बेयॉन, न्यू जर्सी
सोमवार

प्रिय ल्युसिल वहिनी यांस,

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरत जा, हे मी कालच सांगणार होते. पण काल मी कोणाला काही सांगण्याच्या स्थितीत राहिले नव्हते. मार्सीला आशीर्वाद. कुत्र्यालाही एक हाडूक द्या (तो त्या नळीवर भुंकला, त्यात त्याची काही चूक नव्हती). माझी प्रकृती बरी आहे. रक्तदाब वाढलाय, पण तो शरमेचा आहे आणि त्यावर आमच्या डॉक्टरकडे गोळी नाही.

वहिनी, तुम्ही कालचा उत्तरार्ध पाहिलात. पूर्वार्ध श्री. ड्राइसबाख यांनी गिळून टाकला. "पंपावर जरा गोंधळ झाला," एवढं म्हणून त्यांनी बटाट्याचं भांडं पुढे ओढलं. मार्सीच्या होणाऱ्या सासऱ्याने इतकं सभ्य असावं हे तुमचं नशीब, पण मला त्या सभ्यतेनं झोप लागली नाही. म्हणून जे घडलं ते लिहिते.

पुलावर गाड्यांची रांग लागली होती, आणि नदी ओलांडेपर्यंत पेट्रोलचा काटा तळाला टेकला. म्हणून तुमच्या पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदाच पंपावर शिरले. आमच्या जर्सीत कोणीही शहाणा माणूस करतो तेच केलं : इंजिन बंद, काच दोन बोटं खाली, कार्ड हातात, नजर समोर. कोणी आलं नाही. हॉर्न दिला. तरी नाही. मग शाळेची घंटा द्यावी तसा लांब हॉर्न दिला (इतकी वर्षं उपमुख्याध्यापिका होते, हात आपोआप तसाच चालतो). तेव्हा पलीकडच्या पंपावरचे एक गृहस्थ आले. निळा सूट, टाय, चकचकीत बूट. त्यांनी वाकून विचारलं, "काही त्रास होतोय का, बाई?" मी कार्ड फटीतून बाहेर सारलं आणि म्हणाले, "साधं पेट्रोल. टाकी पूर्ण भरा. आणि पुढची काच पुसा, किडे बसलेत." त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. मी म्हणाले, "इकडेतिकडे काय बघताय? मला उशीर होतोय."

माणूस गेला आणि परत आला. "बाई, यंत्र कार्डासाठी तुमचा पिनकोड मागतंय." आमच्याकडे हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही, त्यामुळे मला ती आगाऊपणाची हद्द वाटली. मी म्हणाले, "तुम्हाला पेट्रोल भरायचंय, की माझ्या घरी जेवायला यायचंय?" ते शांतपणे म्हणाले, "जेवायला आज दुसरीकडे बोलावलंय." (वहिनी, कुठे बोलावलं होतं ते तुम्ही जाणताच. तुमच्याच टेबलावर.) मी पिनकोड दिला आणि वर समज दिली, की इतक्या चांगल्या कपड्यांत हे काम करत नाहीत, मालकाकडे गणवेश मागा. "मागतो," म्हणाले. त्यांच्या गाडीत एक बाई तोंड उघडं टाकून बसल्या होत्या. कामावर बायकोला घेऊन येतात, म्हणजे या राज्यात शिस्त उरलीच नाही, असंही माझ्या मनात आलं. ते काच पुसू लागले. चांगली पुसली, हे कबूल केलं पाहिजे.

मग टपावर दोनदा थोपटल्याचा आवाज आला. आता मला सांगा, टपावर दोनदा थोपटलं की माणूस काय करतो? निघतो. मला गाडी चालवता येऊ लागली तेव्हापासून मी दोनदा थोपटलं की निघत आले आहे. मागे फट्ट झालं, ते मला इथल्या रस्त्यांना शोभेलसं वाटलं. पुढे वाटेत लोक हॉर्न देत होते, हात हलवत होते. एक म्हातारा तर फुटपाथवरून दोन्ही हात वर करून नाचत होता. पेनसिल्व्हेनियाचे लोक इतके अगत्यशील आहेत हे मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना हात केला.

पुढचं तुमच्या अंगणात झालं. मार्सी धावत आली, "आत्या, गाडीला शेपूट कुठून आणलंस?" आणि मी उतरून टाकीत अडकलेलं पंपाचं नोझल आणि त्यामागची तुटकी नळी बघतेय तोवर निळा सूट दारात. पँट पेट्रोलने गुडघ्यापर्यंत ओली, वास सगळ्या गल्लीभर. त्यांनी हात पुढे केला. तो हात धरून क्षमा मागायची, एवढंच काम होतं. त्याऐवजी मी काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं : "नोझल काढायचं काम तुमचं होतं!" आणि वर आमच्या राज्याचा कायदा (पेट्रोल पंपाच्याच माणसाने भरायचं, गिऱ्हाइकाने नोझलला हात लावायचा नाही; तुमच्याकडे ज्याचं त्याने भरायचं असतं, हे मला तेव्हा कळलं), तिथेच उभी राहून, पहिल्या कलमापासून. सौ. ड्राइसबाख नवऱ्याला म्हणाल्या, "हार्लन, तू तिथे नोकरी कधी धरलीस?" सगळे हसले. मार्सी हसली नाही. ती बघत होती. मला अजून तेच दिसतंय.

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, का थोपटलंत? ते म्हणाले, "एक किडा राहिला होता. थांबा म्हणत होतो."

आणखी एक लिहायचं आहे. दादा गेल्यापासून माझी गाडी पेट्रोल फार खाते, अशी माझी तक्रार होती. दोनदा मेकॅनिकला दाखवली, त्याच्याशी भांडलेही. काल रात्री डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडे जेवण झालं की दादा किल्ली उचलायचा, "जरा फिरवून आणतो, इंजिनाचा आवाज बरा नाही." किल्ली परत द्यायचा तेव्हा काटा वर टेकलेला असायचा. इतकी वर्षं मी समजत होते, त्याला आवाज ऐकू यायचा.

आज सकाळी आमच्या पंपावरच्या ऑर्हानला म्हणाले, मला नोझल धरायला शिकव. तो दोन पावलं मागे सरला. "नाही मॅडम, कायदा आहे. मागे त्या बाहेरगावच्या माणसाने हात लावला, तेव्हा तुम्हीच त्याला किती बोलला होतात." बोलले होते. अख्ख्या पंपाला ऐकू जाईल असं.

असो. प्रकृतीला जपा.

तुमची नणंद,
वांडा

ता. क. : नळीसाठी त्या पंपाच्या मालकाला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "जर्सीची गाडी का?" मी हो म्हणाले. "मग चालायचंच," म्हणाला. कालपासून ऐकलेल्यांत हे सर्वांत जास्त लागलं.

ता. क. २ : पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. शनिवारी मी त्याच पंपावर येते. श्री. ड्राइसबाख यांना विचारा, शिकवतील का. जुने कपडे घालून या म्हणावं. आणि पुढच्या रविवारी त्यांनी, सौ.नी आणि तुम्ही सर्वांनी माझ्याकडे जेवायला यायचं आहे. पिनकोड त्यांना ठाऊक आहे.

ता. क. ३ : मार्सीने लग्नात दादाच्या जागी मला बोलावलं होतं, वेदीपर्यंत हात धरून न्यायला. कालनंतर तिचा फोन नाही. आता मी नको असेन, तर ते तिच्या तोंडून नको, तुम्हीच कळवा. मी मागच्या बाकावर बसेन. हवी असेन, तर शनिवारी तिलाही पंपावर पाठवा. बोलायची गरज नाही. माझं भरून झालं की तिनेच टपावर दोनदा थोपटावं.

(नोझल काढलंय का ते आधी बघून.)